गुडघ्याची तारीख

दस्तगीर मुजावरांच्या डाव्या गुडघ्याला तारीख मिळाली तेव्हा मिरजेत अशा तारखा निघायला लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती. तेवढ्यात गाव त्यांना सरावलंही होतं. सकाळी दूध आणायला गेलेली माणसं 'काय, बरं आहे ना?' असं न विचारता 'तुमची कितीची?' असं विचारायची. कुणाची सात वर्षांची, कुणाची वीस. वीसवाला मिशीला पीळ देत किटली उचलायचा आणि सातवाला पायरीकडे बघत उभा राहायचा. नव्या इमारतींत तळमजल्याची घरं तारखा बघून वाटली जात. लग्नं जुळवणाऱ्या एका बाईंनी तर पत्रिकेसोबत मुलाच्या आईची तारीखही मागवायला सुरुवात केली होती. घरात जिने कोण चढणार, हे मुलीकडच्यांना आधीच कळलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं.

ही तारीख सांगणारं यंत्र म्हणजे चार बोटं रुंदीचा एक पट्टा. कागदोपत्री त्याचं नाव 'अस्थिश्रुती' होतं, पण एवढं भारदस्त नाव घेण्याइतका वेळ कुणाला असतो? सगळे त्याला पट्टाच म्हणायचे. गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांवर टेकतात, आणि दोघांच्याही टोकांना कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. ते धड असलं की सांधा बर्फावर बर्फ सरकावा त्याहूनही सहज सरकतो. संधिवातानं, म्हणजे त्यातल्या झिजेच्या संधिवातानं, हे अस्तर खडबडीत होऊ लागलं की प्रत्येक हालचालीबरोबर सूक्ष्म टिचक्या आणि खरखर उठते. आपल्या कानाला त्यातलं फारसं काही पोचत नाही. पट्ट्यात सोळा बारीक कान होते आणि त्यांना ते पोचत असे. एकवीस दिवस पट्टा गुडघ्याला बांधून ठेवायचा. तेवढ्या दिवसांची खरखर लाखो गुडघ्यांच्या नोंदींशी ताडून तो दोन आकडे द्यायचा. पहिला घर्षणांक, शंभरपैकी. दुसरा, सांधा बदलावा लागेल तो काळ. हा काळ एका वर्षाच्या आत आला तर हॉस्पिटलचा संगणक कुणाला न विचारता खाट राखून ठेवत असे.

दस्तगीरभाईंचा घर्षणांक आला त्र्याण्णव. खाट मिळाली ९ एप्रिलची. तो निरोप आला तेव्हा ऑक्टोबर चालू होता.

दस्तगीरभाई तंबोरे करायचे. वय एकसष्ट. वडिलांनी केलं तेच त्यांनी केलं, त्याच गल्लीत, त्याच चटईवर. तंबोऱ्याच्या चार तारा भोपळ्याजवळ हाडाच्या ज्या पट्टीवरून जातात, तिला घोडी म्हणतात. या घोडीची पाठ कानसेनं इतकी हलकी गोलवायची की तारेनं तिच्यावर नुसतं टेकू नये, घासत घासत जावं. ते जमलं तर तंबोरा गुंजतो, नाही जमलं तर डबा वाजतो. याला जवारी काढणं म्हणतात. गावातले बाकीचे कारागीर आता घोड्या संगणकी यंत्रावर कापून घेत. वाईट होत नसत त्या. पण ज्यांचं त्या आवाजावर भागत नसे, ते गवई अजून दस्तगीरभाईंच्या दारात चप्पल काढत.

हे काम बसायचं कसं, तेही ठरलेलं होतं. उजवा पाय दुमडायचा, डावा गुडघा उभा ठेवायचा, त्यावर कातड्याचा तुकडा टाकायचा, घोडी त्याच्यावर दाबून धरायची आणि मग कानस. नवा गुडघा बसवल्यावर चालता येईल, जिना चढता येईल, पण असं जमिनीवर तासन्‌तास बसायचं नाही, हे हॉस्पिटलच्या पहिल्याच पत्रकात मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं. म्हणजे ९ एप्रिलला गुडघा जाणार आणि त्याच्याबरोबर जवारीही.

तो निरोप दस्तगीरभाईंनी छापून घेतला आणि दुकानाच्या भिंतीवर वडिलांच्या फोटोखाली चिकटवला. त्यानंतर त्यांनी दोन गोष्टी केल्या. त्यातली एक चुकीची होती. दुसरी बरोबर होती, पण चुकीच्या कारणासाठी केलेली.

पहिली म्हणजे, ते गुडघा पुरवून वापरायला लागले. गुडघ्यात मोजकीच पावलं शिल्लक आहेत आणि ती जवारीसाठी राखली पाहिजेत, असा त्यांनी हिशेब केला. रोज संध्याकाळी तळ्यापर्यंत चालत जायचे ते बंद झालं. दर्ग्याला जायचं तरी रिक्षा. पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांची बायको शमशादबी हातात आणून द्यायला लागल्या. चार महिन्यांत सात किलो वजन वाढलं, त्यात बेकरीतल्या खारीचा वाटा मोठा होता. आणि गंमत अशी, की गुडघा जितका जपावा तितका जास्त दुखायला लागला. फेब्रुवारीत तर मोरीच्या उंबऱ्याशी धरायला भिंत लागायची. दुखलं की ते भिंतीवरच्या कागदाकडे बघत आणि म्हणत, "यंत्र खोटं न्हाई बोलत."

दुसरी गोष्ट, त्यांनी पुण्याला फोन करून मुलीला बोलावून घेतलं.

निलोफर त्यांची एकुलती एक. बत्तीस वर्षांची, श्रवणयंत्रं तपासणाऱ्या एका कंपनीत कामाला. कान बापाचाच. नऊ वर्षांची असताना दुकानाच्या दारातून तिनं एका गवयाला सांगितलं होतं, "काका, तुमची तिसरी तार रुसलीये." आणि ती खरंच उतरली होती. गवई हसला होता. दस्तगीरभाई हसले नव्हते. पोरीच्या जातीनं असा गुडघा वर करून चटईवर बसायचं नाही, आणि या धंद्यात तसंही काही राहिलेलं नाही, असं सांगून त्यांनी तिला आत पिटाळलं होतं. पुढेही दोनदा तिनं विचारलं. दोन्ही वेळा हेच उत्तर. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

आता त्यांनी स्वतःच फोनवर म्हटलं, "निलू, मला आता सहाच महिनं हायत. तू येतीस का शिकायला?"

 ती म्हणाली, "येते, अब्बा." सहा महिन्यांची बिनपगारी रजा टाकून ती चौथ्या दिवशी घरी आली.

दस्तगीरभाईंच्या वडिलांनी त्यांना पहिली तीन वर्षं कानसेला हातसुद्धा लावू दिला नव्हता. नुसतं ऐकायचं. जवारी लागलेला तंबोरा, न लागलेला, अर्धी लागलेला. पण तीन वर्षं आणायची कुठून? दस्तगीरभाईंनी पहिल्याच दिवशी पोरीच्या हातात कानस दिली. दहा वर्षांचं काम सहा महिन्यांत कोंबायचं म्हटल्यावर जे व्हायचं तेच झालं. मार्चपर्यंत तिच्या हातून नऊ घोड्या वाया गेल्या आणि बापलेकींत धड चार वाक्यंही होईनात.

"किती घासे मारलेस?"

"तीन."

"चार. चौथा मला हितं ऐकू आला."

"अब्बा, जरा तार लावून ऐकू द्या की मला. कुठं अडतंय ते कळल्याशिवाय—"

"ऐकत बसायला येळ कुठाय? त्यो कागद बघ. आज तारीख किती? पुढची घोडी घे."

तिनं मान वळवून कागदाकडे पाहिलं आणि दहावी घोडी उचलली. डोळे भरून आलेले बापाला दिसू नयेत म्हणून ती खिडकीकडे तोंड करून बसली. दस्तगीरभाईंना ते दिसलं होतं. पण एकदा मऊ पडलं की आपल्याला जमायचं नाही, अशी त्यांना भीती होती.

ऑपरेशनच्या आधीची तपासणी मार्चच्या विसाव्या तारखेला होती. दस्तगीरभाई आणि शमशादबी रिक्षानं गेले. तपासायला डॉक्टर मृणाल आरवाडे होत्या, पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या, आवाज मोठा. हॉस्पिटलातली तरुण पोरं त्यांना मागून 'हातानं बघणाऱ्या बाई' म्हणत. कारण पडद्यावर आकडा दिसत असला तरी त्या आधी हात लावल्याशिवाय पुढे सरकत नसत.

"सकाळी उठल्यावर गुडघा किती वेळ आखडलेला असतो, मुजावर?"

"चहा हुईस्तोवर."

"म्हणजे किती?"

"ह्यांच्या हातात कप पडायला दहा मिनटं," शमशादबी म्हणाल्या. "बसल्या जागी मिळतोय ओ, वेळ कशाला लागंल?"

"बोटं, मनगटं सुजतात का? कधी ताप? दुखण्यानं झोपेतून जाग येते?"

तिन्हीला नाही.

"जिना चढताना जास्त दुखतं की उतरताना?"

"उतरताना. पण पाच महिनं झालं, मी जिनाच चढलो न्हाई."

डॉक्टरबाईंच्या कपाळावर पहिली आठी तिथे पडली. त्यांनी गुडघा दाबून पाहिला. आतल्या बाजूला दुखला. सूज नाही, ऊब नाही. पाय सरळ केला, दुमडला, वाटीवर तळहात ठेवून पुन्हा दुमडला. बारीक करकर लागली हाताला. नवा एक्स-रे पडद्यावर लावला. आतल्या बाजूची फट थोडी कमी झालेली, कडांना हाडाची दोन इवलीशी टोकं. मग त्यांनी टेपनं दोन्ही मांड्या मोजल्या. डावी मांडी उजवीपेक्षा तीन सेंटिमीटर बारीक.

"संधिवात आहे," त्या म्हणाल्या. "झिजेचाच आहे. वय, दुखण्याची तऱ्हा, सकाळचं थोडंसं आखडणं, ही करकर, सगळं जुळतंय. पण अशी फट तर माझ्याही एक्स-रेत आहे, आणि मी रोज चार मजले चढते. एवढ्यावर त्र्याण्णव?"

पडद्यावर त्र्याण्णव होतेच, लाल अक्षरांत. आपला हात खरा की पट्ट्याचे सोळा कान खरे, याचा डॉक्टरबाई विचार करत होत्या. तेवढ्यात दस्तगीरभाईंनी घसा साफ केला.

"डॉक्टरबाई, एक मागू का? पट्ट्यानं ऐकलेला आवाज ठेवलाय म्हणं तुम्ही. मला ऐकवा की. जल्मभर दुसऱ्यांचे तंबोरे बोलते केले. आता माझं हाड कसं बोलतंय, ते कापायच्या आदी एकदा ऐकू द्या."

अशी मागणी आजवर कुणी केली नव्हती. आवाज साठवलेला असे, पण ऐकत कुणीच नसे. यंत्र ऐके आणि माणसं आकडा वाचत. डॉक्टरबाईंनी थोडी शोधाशोध केली, त्र्याण्णवाला सगळ्यात जास्त कारण ठरलेला दिवस काढला, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांची नोंद उघडली आणि स्पीकर लावला.

खस्स. खस्स. खस्स. मग शांतता. मग एक हलका वाऱ्यासारखा आवाज. पुन्हा खस्स, खस्स, खस्स.

शमशादबींनी पदर तोंडाला लावला. "या अल्ला, एवढं घासतंय आत?"

दस्तगीरभाईंनी डोळे मिटले होते. जवारी ऐकताना मिटत तसेच. तीन घासे, थांबा, वारा. तीन घासे, थांबा, वारा. त्यांनी मान एका बाजूला कलती केली. मग डोळे उघडले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते शमशादबींनी ऑक्टोबरनंतर पाहिलं नव्हतं.

"डॉक्टरबाई," ते सावकाश म्हणाले, "हे हाड माझं न्हवं. उंटाचं हाय."

"काय म्हणालात?"

"ही माझी कानस हाय. दोन नंबरची, बाच्या हातातली. तीन घासे मारायचे, थांबायचं, फुंकर घालून चुरा उडवायचा. आमच्या घरात तसंच शिकवत्यात. ह्यो वारा न्हवं, माझी फुंकर हाय. आनि घोडी उंटाच्या हाडाची. शिंग असलं असतं तर आवाज जरा बसका आला असता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. उभा गुडघा, कातड्याचा तुकडा, त्यावर दाबून धरलेली घोडी. पट्टा नेमका कातड्याच्या खाली. हॉस्पिटलच्या तपासणी शिबिरात पट्टा बांधणाऱ्या मुलीला त्यांनी विचारलंही होतं, की काम करताना काढू का. 'नेहमीची सगळी कामं करा काका, फक्त आंघोळीला काढा,' असं तिनं सांगितलं होतं. ती तरी काय करणार? तिच्याकडच्या कागदावर मोटरसायकल, पिठाची गिरणी, मिक्सर, सगळ्यांचे आवाज यंत्र गाळून टाकतं अशी नोंद होती. गुडघ्यावर हाड ठेवून घासणाऱ्या माणसाची नव्हती. ऑक्टोबरात दोन मोठी कामं अंगावर होती म्हणून दस्तगीरभाईंनी रोज सहा सहा तास कानस चालवली होती. पट्टा एकवीस दिवस कान देऊन ऐकत होता. हाडावर घासल्याचा आवाज शोधायला त्याला शिकवलं होतं आणि तोच त्याला सापडला होता, इतका स्वच्छ की लाखो गुडघ्यांत तसा दुसरा नसेल.

 डॉक्टरबाई इतक्या हसल्या की बाहेरची नर्स डोकावून गेली. हसू आवरल्यावर त्यांनी कामाचे तास नोंदीतून वगळले आणि उरलेला आवाज यंत्राला पुन्हा मोजायला दिला. दोन मिनिटं लागली. त्या दोन मिनिटांत शमशादबी तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होत्या आणि दस्तगीरभाई स्वतःच्या गुडघ्याकडे परक्याच्या गुडघ्याकडे बघावं तसे बघत होते.

घर्षणांक आला एकतीस. काळाच्या रकान्यात यंत्रानं लिहिलं, 'सांगण्याइतकी झीज नाही.'

"खाट रद्द," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि तिथल्या तिथे बटण दाबलं. "पट्टा पुन्हा एकवीस दिवस बांधू, या वेळी कानस लांब ठेवून. पण मला पट्ट्याचं नाही, तुमचं बोलायचंय. हे पाच महिने गुडघा जास्त का दुखला, माहितेय?"

"झिजला आसंल."

"बसून राहिलात म्हणून. तुम्हाला वाटलं गुडघा म्हणजे सायकलचा ब्रेक, जितका वापरू तितका संपेल. तसं नाही ते. कूर्चेला रक्त पुरवणारी नळी नाही, दुखणं सांगणारी नसही नाही. ती जगते सांध्यातल्या पाण्यावर. तुम्ही पाऊल टाकता तेव्हा ती स्पंजासारखी दबते, उचलता तेव्हा फुगते आणि ते पाणी ओढून घेते. तुम्ही चालायचंच थांबलात, म्हणजे तिला उपाशी ठेवलंत. आणि मांडीचा हा स्नायू गुडघ्याचा भार उचलतो, तो बारीक झाला. वर सात किलो वजन."

"खारी," शमशादबी म्हणाल्या.

"खारी बंद. रोज चालायचं, आधी दहा मिनिटं, मग वाढवत. पडल्या पडल्या पाय सरळ उचलून धरायचा, खुर्चीवरून हात न लावता उठायचं बसायचं. आमची फिजिओथेरपिस्ट दाखवेल. सुरुवातीला दुखेल थोडं, घाबरायचं नाही. दुखलं तर हे मलम चोळा, गोळी क्वचित. आणि तो गुडघा उभा करून बसणं सोडा. चौरंग घ्या, स्टूल घ्या, तासाला उठा. घोडी गुडघ्यावर नको, शिकंज्यात आवळून धरा."

"आमचे बा—"

"तुमच्या वडिलांच्या गुडघ्यांचं पुढे काय झालं होतं?"

 वडील शेवटची सहा वर्षं काठीला धरून चालत होते.

"हा आजार जाणार नाही, मुजावर. पुढे कधी ऑपरेशन लागेलही, आणि लागलं तर तेही चांगलंच असतं, मी कित्येकांना आनंदानं पाठवते. पण आज ते तुमचं औषध नाही. आज तुम्हाला मांडीत ताकद हवीय."

हॉस्पिटलच्या फाटकाशी बिनचालकाची रिक्षा येऊन थांबली आणि पुणेरी आवाजात म्हणाली, 'कृपया बसून घ्यावे.' दस्तगीरभाईंनी तिला हातानंच पुढे जायला सांगितलं. शमशादबी तिथेच कट्ट्यावर टेकल्या आणि पाच महिन्यांचं रडून घेतलं. नवऱ्याला काही होणार नाही एवढं एक वाक्य ऐकायला त्यांचा जीव टांगणीला लागला होता, आणि ते वाक्य शेवटी एका उंटानं ऐकवलं, असं म्हणून त्या रडता रडता हसल्याही.

दोघं चालत निघाले. हळूहळू, झाडाच्या सावलीत थांबत. दुखत होतं, पण त्या दुखण्यातली धास्ती गेली होती. धास्ती गेली की दुखणं केवढंसं उरतं, याचं दस्तगीरभाईंना नवल वाटत होतं. चौकापर्यंत ते अगदी खुशीत होते.

"निलूला काय सांगणार?" शमशादबींनी विचारलं.

"काय म्हंजे? ऑपरेशन रद्द झालं म्हणून."

"पोरगी सहा महिन्यांची रजा टाकून आलीय. तुम्ही म्हणालात येळ न्हाई, म्हणून. आता येळ हाय. मग?"

दस्तगीरभाईंचा पाय थबकला. मग काय? आपल्याला आता शिकवायची गरज नव्हती. गुडघा बरा, हात बरा, अजून दहा-पंधरा वर्षं स्वतःच जवारी काढता येईल. आणि पोरगी आली होती ती बापाची अडचण बघून. अडचणच नव्हती म्हटल्यावर ती पुण्याला जाईल. पाच महिने आपण तिच्याशी कसे वागलो, कसे खेकसलो, ते सगळं त्यांना त्या चौकात उभं राहून आठवलं. त्यांना तिनं जायला नको होतं. एवढं साधं वाक्य त्यांना बत्तीस वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी ते बोलले नसते.

निलोफर दुकानात चटईवर बसली होती. बापासारखाच डावा गुडघा उभा, वर कातडं, कातड्यावर घोडी. दारात दोघं चालत आलेली पाहून ती उठायला गेली. "रिक्षा मिळाली न्हाई का? अब्बा, एवढं अंतर चालत—"

"ऑपरेशन रद्द झालं," दस्तगीरभाई म्हणाले, आणि कानस, उंट, त्र्याण्णवाचे एकतीस, सगळं एका दमात सांगून टाकलं. शमशादबींनी मधे मधे भर घातली.

निलोफरनं ऐकलं आणि ओंजळीत तोंड लपवलं. तिचे खांदे हलत होते. हसतेय की रडतेय ते कळेना. दोन्हीही असावं. मग तिनं डोळे पुसले, हातातली घोडी खाली ठेवली, कातड्यावरचा चुरा नीट झटकला आणि ते घडी करून बाजूला ठेवलं. हे सगळं ती फार सावकाश करत होती.

"मग मी परत जाऊ का, अब्बा?" तिनं खाली बघतच विचारलं. "रजा रद्द करता येते. कळवलं तर सोमवारपासून घेतील मला."

चहा टाकायला आत गेलेल्या शमशादबींच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

दस्तगीरभाई भिंतीपाशी गेले. कागद ओढून काढला. चिकटपट्टी घट्ट होती, थोडा रंगही निघाला.

"निलू, तू नऊ वर्षांची हुतीस तवा त्या गवयाची तिसरी तार खरंच उतरली हुती," ते म्हणाले. "मला तुझ्या आदी कळायला पायजे हुतं. न्हाई कळलं. म्हणून राग आला मला, तुला आत धाडलं. गुडघा उभा करून बसायचं न्हाई वगैरे ते सगळं उगंच हुतं." त्यांनी हातातला कागद चुरगळला. "तवाच शिकवायला पायजे हुतं. आता गुडघा चांगला हाय म्हणून जा म्हणू व्हय तुला? मला गरज न्हाई, खरं हाय. पर मला शिकवायचंय. तुला ऱ्हायचं असंल तर ऱ्हा. जायचं असंल तर शनवार-रविवारी येत जा. जल्मभर आलीस तरी चालतंय."

निलोफरनं मान वर केली.  मग नाक ओढलं आणि विचारलं, "पुढची घोडी घेऊ?"

"न्हाई."

कोपऱ्यात भोपळे ठेवायचा एक बुटका चौरंग होता. दस्तगीरभाईंनी त्यावरचा भोपळा उतरवला, चौरंग खिडकीशी ओढला आणि एका हातानं भिंत धरत त्यावर बसले. वडिलांच्या फोटोकडे त्यांनी एकदा अपराध्यासारखं पाहिलं. पाय लांब केला. बरं वाटलं. मग त्यांनी खुंटीवरचा तंबोरा मागितला, तो जुना, घरचा, पूर्ण जवारी लागलेला.

"चटईवर तू बस. मांडी घालून बस, गुडघा उभा करू नकोस, शिकंजा उद्या आणू," ते म्हणाले. "आनि ती कानस उचलून फळीवर ठेव. वरच्या."

"का?"

"पहिली तीन वर्षं नुसतं ऐकायचं असतंय. मी तुला ती दिलीच न्हाईत."

निलोफरनं कानस वरच्या फळीवर ठेवली, चटईवर मांडी घालून बसली आणि डोळे मिटले. दस्तगीरभाईंनी पंचमाची तार छेडली. ती गुंजली, पसरली, भिंतींना लागून परत आली. दुसरी छेडायची त्यांनी मुळीच घाई केली नाही.